माहेरचा लव्हाळा

आक्का, तुम्हाला जाऊन महिना व्हायला आला आणि तुमच्या वांग्यांच्या वाफ्यात लव्हाळा वीतभर वर आलाय. तुम्ही असतात तर त्याची काय बिशाद होती! रोज सकाळी चहाच्याही आधी तुम्ही खुरपं घेऊन उकिडव्या बसायचात आणि आपल्या दोन घरांमधल्या दगडांच्या ओळीपर्यंत सगळं तण निपटून काढायचात. ओळीच्या अलीकडे, माझ्या बाजूला, बोटभरसुद्धा यायचा नाहीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. आठ वर्षं बघत होते आणि आठ वर्षं माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. सगळी आळी चांगलं बोलतेच आहे. फार सोशिक बाई, मोठ्या मनाची बाई, कधी कुणाला उलटून बोलली नाही. भेटायला येणाऱ्या बायकांपुढे मी मान हलवते, त्यांना चहा देते आणि मनात म्हणते, तुम्हाला काय माहीत या बाईनं मला कसं हरवलंय ते. आक्का, तुम्ही माझ्याशी भांडण मांडलंत आणि अर्ध्यावर टाकून उठून गेलात. डाव असा मोडून जाणाऱ्याला पोरंसुद्धा रडीचा म्हणतात. मी तर तुमची सख्खी जाऊ आहे, मी का म्हणू नये?

आणि वाद तरी केवढा? हा लव्हाळा कुणाच्या माहेराहून आला, एवढाच. तुमच्या की माझ्या.

संस्थान विलीन झालं त्या साली दोघा भावांनी शिवाजी पेठेतली भाड्याची बिऱ्हाडं सोडली आणि राजारामपुरीत शेजारी शेजारी दोन घरं बांधली. मधे भिंत नको, असं थोरले भाऊजी म्हणाले. म्हणून नुसती दगडांची ओळ घातली, कुत्रंसुद्धा सहज ओलांडेल अशी. तुमच्या बाजूला तुम्ही वांगी, मिरच्या, घेवडा लावायचं ठरवलंत. आमच्या ह्यांना हिरवळ हवी होती. कचेरीत असताना एका साहेबाच्या बंगल्यापुढे त्यांनी ती पाहिलेली. वेताची खुर्ची टाकून हिरवळीवर बसून चहा प्यायचा, एवढी एकच हौस त्या माणसानं आयुष्यात बाळगली, आणि खरं सांगायचं तर ती मलाही आवडली. मी सांगलीच्या मास्तरांची मुलगी. दारापुढे वांगी असण्यापेक्षा हिरवळ असावी, असं मला वाटलं.

हरळीच्या मुळ्यांची दोन पोती दारात उतरली तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून हसलात. "आगं धाकले, आमच्यात हरळी काढाय रोजानं बाया लावत्यात. रानात हरळी शिरली म्हंजे रान गेलं म्हणायचं. आन् तू इकत आणलीस व्हय?" सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं. मला ते लागलं. पण हसून झाल्यावर पदर खोचून तुम्हीच माझ्याबरोबर बसलात आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पोती लावून संपवलीत. जिनं जन्मभर हरळी उपटली त्या बाईनं ती टोकून लावली, आणि प्रत्येक मुळी लावताना "बस गं बये, आता तुझी सोय झाली" म्हणाली. हे मी नाकारत नाही. मी खोटारडी नाही.

त्याच्या आधीच तुमचा भाऊ, दौलूभाऊ, राधानगरीच्या वाटेवरच्या तुमच्या गावाहून बैलगाडी भरून शेणखत घेऊन आला होता. नव्या घराला बहिणीच्या माहेरची भेट. त्यातले दोन वाटे तुमच्या वाफ्यांत पडले आणि एक वाटा तुम्ही न मागता माझ्या बाजूला टाकायला लावलात.

आणि त्याच मृगात माझ्या वडिलांनी सांगलीहून सहा गुलाब पाठवले. कुंड्यांतली माती त्यांनी स्वतःच्या हातानं दाबून भरलेली. वर त्यांच्या बोटांचे ठसे वाळून तसेच राहिले होते. मी त्या कुंड्या हिरवळीच्या कडेला ओळीनं मांडल्या. श्रावणात वडील गेले. त्यानंतर त्या कुंड्यांतली माती मी कधी बदलली नाही. पाणी घातलं, वरून चिमूटभर खत भुरभुरलं, पण कुंडी उपडी करणं माझ्याच्यानं झालं नाही. गुलाब दरवर्षी लहान होत गेले. मी म्हणायची, हवा मानवत नाही त्यांना इथली.

दसऱ्याच्या सुमारास हिरवळीत पहिली पात दिसली. हरळीपेक्षा उंच, चकचकीत, ताठ. मला ती छान वाटली होती, हेही सांगून टाकते. तुम्ही ओळीपलीकडून बघितलंत आणि तुमचा चेहरा उतरला. "धाकले, लव्हाळा हाय ह्यो. उपटू नगं, पात हातात येती आन् गाठ खाली ऱ्हाती. आन् कुदळ तर मुळीच घालू नगं. गाठीला गाठ जोडलेली असती, एक तुटली की चार फुटत्यात." मग कसं काढायचं ते तुम्ही सांगू लागलात. माती चिखलागत ओली असताना खुरप्याचं टोक खोल घालायचं, दोऱ्यासारखं मूळ न तोडता शेवटच्या गाठीपर्यंत जायचं. उरलेलं चैत्रात खणून उन्हात पसरायचं, गाठी वाळून खडखडीत होतात.

मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घातली. कारण सांगू? खुरप्यानं उकिडवं बसून भांगलण करायला मी कुणाच्या शेतावर कामाला होते का, असं मला वाटलं. पंधरा दिवसांत एकाच्या जागी चार आल्या. तुम्ही म्हणाला होता तशाच, मोजून चार. तेव्हाच मला तुमचा राग यायला लागला.

आता चैत्रातलं ते हळदीकुंकू. तुमच्या ओसरीवर, आठवतंय ना? भिजवलेली हरभऱ्याची डाळ होती, पन्हं होतं, गल्लीतल्या पंधरा-वीस बायका होत्या. त्याच दुपारी दौलूभाऊ खताची दुसरी गाडी घेऊन आला होता. गाडी अजून रिकामी व्हायची होती, बैल सोडून तो नळावर पाय धूत होता. कुणीतरी मला विचारलं, तुमच्या हिरवळीत ते उंच उंच काय उगवलंय हो? आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ती आमच्या आक्कांच्या माहेरची देणगी," मी म्हणाले. "गाडीभर शेण आलं, त्यातून गाडीभर लव्हाळा आला. तिकडची माणसं देतात ते असंच. वरून खत, आतून खोड."

बायका हसल्या. दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. नळाचं पाणी वाहत राहिलं आणि दौलूभाऊ पाय धुवायचा थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होते की तुम्ही आता माझ्या झिंज्या धराल. बाईला काहीही बोलावं, नवऱ्यावरून बोलावं, रंगावरून बोलावं, पण तिच्या माहेराला नाव ठेवू नये, हे मला का माहीत नव्हतं? माहीत होतं म्हणूनच बोलले. पण तुम्ही पन्ह्याचं भांडं उचललंत, उरलेल्या बायकांना पन्हं दिलंत, मलाही दिलंत. मग पायरी उतरून भावापाशी गेलात.

"दौलू, गाडी जुप. माघारी ने."

"आगं, भरली गाडी हाय."

"भरलीच ने."

शेणखतानं भरलेली गाडी दहा कोसांवरून कुणी आणतो आणि तशीच परत नेतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. आमचे हे रात्री जेवताना म्हणाले, "तू आज फार वाईट केलंस." मी म्हणाले, "खरं तेच बोलले. खोटं असतं तर त्यांनी गाडी का फिरवली असती? चोराच्या मनात चांदणं." आणि पुढच्या वर्षी गाडी आली नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी आली नाही, तेव्हा माझी खातरीच पटली. चोर पकडला गेला, मी म्हटलं. आठ वर्षं हेच म्हणत राहिले.

आपलं बोलणं बंद नव्हतं. सणावाराला, दुखण्याखुपण्याला आपण बोलायचो, एकमेकींच्या घरी पुरणपोळ्या जायच्या. पण बागेबद्दल थेट एक शब्द नाही. तुम्ही वांग्यांशी बोलायचात आणि मी गुलाबांशी. दुसऱ्या पावसाळ्यात लव्हाळा ओळीखालून तुमच्याकडे गेला तेव्हा तुम्ही वांग्यांना म्हणालात, "पावणं आलं बघा." बस्स. मग चैत्रात सगळे वाफे खणलेत, ढेकळं फोडून गाठी उन्हात वाळवल्यात, दर चार दिवसांनी उलथ्यापालथ्या केल्यात. पावसाळ्यात त्यावर ताग दाट पेरलात, इतका दाट की खाली ऊन उतरेना, आणि फुलावर यायच्या आत तो मातीत गाडलात. मग रताळ्याचे वेल सोडलेत. वाटेवर उसाचं पाचट हातभर जाडीचं अंथरलंत. फरशीच्या फटींतल्या गवतावर भाताची उकळती पेज नेऊन ओतायचात. तीन वर्षांत तुमची बाजू अशी झाली की चुकून एखादी पात दिसली तर दिसली. ती दिसली की तुम्ही सकाळी खुरपं घेऊन हजर.

मी बघून शिकले असते तर मला कुणी फाशी दिलं नसतं. पण मी तुमच्याकडून काही घेणार नव्हते. मी खडेमीठ टाकलं. हरळी करपली, लव्हाळा पंधरा दिवसांत परत आला आणि जेवणाच्या ताटाएवढा तुकडा जो बोडका झाला, तो आजही तसाच आहे. तुम्ही वांग्यांना म्हणालात, "मीठ आमटीत घालत्यात व्हय रं?" मी हिरवळ साहेबाच्या बंगल्यासारखी बारीक कापून घ्यायची. तुम्ही मिरच्यांना सांगायचात, "हरळीला जरा वाढू द्यावं. तिनं जमीन झाकली की लव्हाळ्याला ऊन मिळत न्हाय, आपसूक दबतो." मला ऐकू यावं म्हणूनच सांगत होतात ना? मग मी मुद्दाम आणखी बारीक कापून घेतली. तण खाई धन, म्हणतात. आमचं तणानं काय खाल्लं ते मी आता बोलत नाही.

मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही तीन आठवडे ओळ ओलांडून आलात. माझं डोकं विंचरलंत, पेज भरवलीत, आणि रोज संध्याकाळी माझ्या सहा गुलाबांना पाणी घातलंत. मी उठून बसले तेव्हा पहिलं काय बोलले असेन? "पाणी जास्त घातलंत आक्का, पानं पिवळी पडली." तुम्ही तांब्या खाली ठेवलात. त्या दिवशी, आठ वर्षांत एकदाच, तुम्ही बागेबद्दल मला तोंडावर काही सांगितलंत.

"धाकले, एक ऐक. त्या कुंड्या मातीवरनं उचल. फरशीवर ठेव."

"का?"

तुम्ही तांब्या पुन्हा उचललात. "बरं असतं तसं," म्हणालात.

"माझ्या वडिलांच्या कुंड्यांना कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"बरं, बाई," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा ओळीपलीकडे गेलात. तेव्हा एक वाक्य पुढे बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?

शिमगा झाला आणि चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही भाऊजींना उठवून छातीत कळ येते म्हणालात. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पहिल्या मोटारीनं माणूस तुमच्या गावाला धाडला. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं, त्याशिवाय तिला उचलत नाहीत. सगळे थांबले होते. मी फाटकापाशी उभी होते आणि मला एकाच गोष्टीची धास्ती होती, दौलूभाऊ आलाच नाही तर? मी ज्या माहेराला चारचौघींत नाव ठेवलं, त्या माहेरानं आता पाठ फिरवली तर ही बाई अशीच पडून राहणार.

दुपारी तो आला. काखेत हिरवं लुगडं होतं. आठ वर्षांनी त्यानं या फाटकात पाय ठेवला. माझ्याकडे बघितलं, "कुठं हाय?" एवढंच विचारलं. लुगडं मी नेसवलं. दुसरी कुणी नेसवायला पुढे आली तर मी तिला सरकवलं. तुमच्या नखांत काळी माती होती, धुऊनही निघेना. मी मनात म्हणाले, शेवटच्या दिवशीसुद्धा उपटतच होतात वाटतं.

तेराव्याला पंगती उठल्यावर दौलूभाऊ निघताना माझ्या हिरवळीच्या कडेला येऊन उभा राहिला. मी बसा म्हणाले, तो बसला नाही. कुंड्यांकडे बघत होता.

"ह्याच व्हय त्या कुंड्या?"

"कुठल्या त्या?"

"आक्का म्हणायची त्या. सांगलीच्या." मग टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं. "ताई, वंगाळ वाटून घेऊ नका. आता ती न्हाय म्हणून बोलतो. लव्हाळा आमच्या खतातनं न्हवता आला. ह्या कुंड्यांतनं आला."

"कशावरून?"

"पहिल्या पावसातच कुंडीत पात आलती, तिनं बघितली. बुडाच्या भोकातनं गाठी खाली गेल्या. आन् आमचं खत म्हणाल तर दोन वाटं तिच्याच वाफ्यात पडलं की. तिथं त्या साली एक पात तरी आलती का?"

आली नव्हती. पहिल्या वर्षी तुमचे वाफे स्वच्छ होते आणि माझी हिरवळ भरली होती, तीही कुंड्यांभोवती सगळ्यांत दाट. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मास्तरांच्या मुलीला एवढं साधं गणित सुटलं नाही.

"मग बोलल्या का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तवा तुमचं वडील नुकतंच गेलतं. कुंड्यांपाशी बसून रडताना तिनं तुमास्नी बघितलं. मला म्हणाली, दौलू, तिच्या बापाचा हात हाय रं त्या मातीत. तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि गाडी? गाडी का बंद केली?"

"तिनंच केली. म्हणाली, आपलं खत यायचं थांबलं आन् तरीबी लव्हाळा ऱ्हायला, म्हंजे तो आपला न्हवं. शिकली-सवरलेली हाय, एक दिस तिचं तिलाच कळंल. मंग आण गाडी." त्यानं टोपी घातली. "दरसाली चैत्रात ती जत्रंला गावाकडं आली की मी इचारायचो, कळलं का गं? ती म्हणायची, न्हाय अजून."

न्हाय अजून! आक्का, हे वाक्य ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तुम्ही ज्याला पुरावा म्हणून मांडलंत, त्याला मी कबुली समजले. तुम्ही दरवर्षी भावाची गाडी अडवून मला सांगत होतात की बघ, खत नाही, तरी लव्हाळा आहे. आणि मी दरवर्षी म्हणत होते, बघा, गाडी नाही, म्हणजे गुन्हेगार तीच. तुमच्या भावानं आठ चैत्र बहिणीचं दार बघितलं नाही, ते माझी अक्कल जागी व्हायची वाट बघत.

कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्या वडिलांची अब्रू राखायला? ते गेलेच होते, त्यांना काय फरक पडत होता! आणि असते तर खो खो हसले असते. म्हणाले असते, "अरेच्चा, मुलीला गुलाब पाठवले आणि रुखवतात लव्हाळा गेला!" त्या माणसानं पोरांच्या वह्यांवर जन्मभर लाल रेघा मारल्या. चूक दाखवली नाही तर पोराचं वाटोळं होतं, हेच त्यांचं म्हणणं होतं. आणि तुम्ही मला आठ वर्षं चुकू दिलंत. मला चारचौघींत तुमच्या माहेराला शिव्या घालू दिल्यात, वर पन्हं पाजलंत. याला मोठं मन म्हणतात का? मी म्हणत नाही. याला माजसुद्धा म्हणता येईल. तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक, हे तुम्ही पक्कं जाणून होतात, आणि त्या जाणण्यावर खुशाल उकिडव्या बसून रोज सकाळी ओळीपर्यंत तण काढत होतात. एक बोट इकडे टाकलं नाहीत. टाकलं असतंत तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कधीतरी खरं तुमच्या तोंडून निसटलं असतं.

आणि तरीही, त्या श्रावणात जर तुम्ही येऊन मला सांगितलं असतंत की तुझ्या बापाच्या मातीतून रोग आलाय, तर मी काय केलं असतं? मला ठाऊक आहे मी काय केलं असतं. मी जन्मात तुमचं तोंड पाहिलं नसतं. हेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून मला आणखी राग येतो.

दौलूभाऊ फाटकापर्यंत गेला होता. मी मागून गेले. "यंदा गाडी आणाल?" मी विचारलं.

"कुणाकडं टाकायची?"

"माझ्याकडे."

तो वळला. "पुन्यांदा लव्हाळा आला तर?" टोमणा नव्हता त्यात. साधा शेतकऱ्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली कुंडी उपडी केली. मातीचा गड्डा जसाच्या तसा बाहेर आला, कुंडीच्या आकाराचा. बुडाशी काळ्या गाठीच गाठी, एकीला एक जोडलेल्या, जपाच्या माळेसारख्या. गुलाबाची मुळं त्यांतून जीव मुठीत धरून गेलेली. सहाही कुंड्या तशाच निघाल्या. मग मी तुमच्या ओसरीवरच्या कोनाड्यातून तुमचं खुरपं आणलं, भाऊजींना न विचारता, आणि वडिलांची माती गाठी काढून काढून चाळली. टाकली नाही. उन्हात पसरलीय, तुमच्या पद्धतीनं, दर चार दिवसांनी उलटीपालटी करते. कुंड्या फरशीवर ठेवल्यात. खुरपं चांगलं आहे तुमचं. मूठ माझ्या हाताला जरा मोठी होते.

आणि गेल्या आठवड्यात गाडी आली. तोच दौलूभाऊ, तीच वाट, बैल मात्र नवे. खत माझ्या अंगणात ओतलं गेलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. हळदीकुंकवाला हसलेल्या त्या दोघी-तिघीही बघत होत्या. दोघी जणी जवळ आल्या तेव्हा मी मोठ्यानं सांगितलं, "आमच्या आक्कांच्या माहेरचं खत आहे. लव्हाळा माझ्या माहेरचा होता." कुणीच हसलं नाही. बोलण्यापूर्वी मी आठ वर्षांपूर्वीसारखा आवाज चढवला होता, तेवढ्याच बायकांना ऐकू जावं म्हणून. तुम्हाला मात्र ते ऐकू गेलं नाही, आणि त्याला मी काय करू?

दौलूभाऊ गेल्यावर मी गवंड्याकडून वाळूची चाळण आणली आणि खत चाळायला बसले. आमचे हे वेताच्या खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "अगं, चांगलं मुरलेलं खत आहे, ते कशाला चाळतेस? काय शोधतेस?" दोन दिवस बसले. पाठ मोडली, हाताला फोड आले. घमेलं घमेलं करून अख्खी गाडी चाळली, ढेकूळ न् ढेकूळ बोटांनी फोडून बघितलं.

एक गाठ शोधत होते, आक्का. एकच, काळी, वाटाण्याएवढी. ती सापडली असती, तुमचंही एक गणित चुकलेलं निघालं असतं, तर मी तुम्हाला माफ केलं असतं.